डोंगरातलं हवामान केंद्र की तुर्भ्याचा प्लांट?

माझी भाची ऐरोलीला राहते. आयटीआयमधून इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक झाली, अप्रेंटिसशिप संपली आणि आता तिच्यापुढे दोन नोकऱ्या आहेत. एक स्वयंचलित हवामान केंद्रांच्या देखभालीची: ठाणे, पालघर आणि रायगडच्या आतल्या तालुक्यांत फिरती. दुसरी ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या केमिकल प्लांटमध्ये, मेंटेनन्सला. "मामा, तुम्ही दोन्ही केलंय, तुम्हीच सांगा," म्हणाली. मी सात वर्षं केंद्रांवर फिरलो आणि गेली सहा वर्षं तुर्भ्याच्या बाजूला प्लांटमध्ये आहे. राहायला कळव्याला. तिला जे सांगितलं तेच इथे लिहितोय, कारण दर वर्षी बरीच पोरंपोरी याच पेचात असतात आणि बहुतेक जण फक्त पगाराचा आकडा बघून ठरवतात.

हातातलं काम वरवर सारखंच आहे. पीटी-100 हा तापमानाचा सेन्सर शून्य अंशाला 100 ओहम दाखवतो आणि 100 अंशाला 138.5, मग तो रिॲक्टरवर असो नाहीतर मोखाड्यातल्या शाळेच्या आवारात. मल्टिमीटर तोच, टर्मिनल सैल होण्याची सवय तीच. खरा फरक एकाच गोष्टीत आहे: तुमची चूक पकडायला दुसरं कोण आहे?

प्लांटमध्ये सिग्नल चालतो 4 ते 20 मिलिअँपिअरवर. शून्य दाखवायचं असेल तरी 4 मिलिअँपिअर वाहत असतात. वायर तुटली की करंट 4 च्या खाली जातो, कंट्रोल रूममध्ये अलार्म वाजतो आणि पॅनेलवरचा ऑपरेटर दोन मिनिटांत तुम्हाला फोन करतो. लूप मॅन्युअलला न घेता, म्हणजे आपोआप चालणारं नियंत्रण हाताने चालवण्यावर न आणता, ट्रान्समीटर (सेन्सरचं माप कंट्रोल रूमला पाठवणारं यंत्र) काढलात, तर व्हॉल्व्ह उघडून मोकळा होतो आणि अख्खी शिफ्ट तुमच्याकडे बघते. चूक महागात पडते, पण लपत नाही.

पर्जन्यमापकाचं तसं नाही. नरसाळ्याखाली तराजूच्या दांडीसारखी दोन छोटी पात्रं असतात. एक भरलं की कलंडतं, दुसरं वर येतं. प्रत्येक वेळी चुंबक रीड स्विचसमोरून (चुंबक जवळ आला की जुळणारा छोटा स्विच) जातो आणि लॉगरला, म्हणजे नोंदी साठवणाऱ्या यंत्राला, एक पल्स मिळते. 20 सेंटीमीटर व्यासाच्या नरसाळ्यात 0.2 मिलीमीटर पाऊस म्हणजे जेमतेम सव्वासहा मिलिलिटर पाणी, तेवढ्याला एक कलंडणं. पाऊस नसला की पल्स नाही. आणि नरसाळं तुंबलं तरीही पल्स नाही. सर्व्हरवर दोन्ही सारखेच दिसतात: शून्य. बॅटरी ठीक, सिम कार्डाला रेंज, तापमान येतंय, म्हणजे केंद्र तब्येतीने ठणठणीत. फक्त ते खोटं बोलतंय, आणि हे कोणालाच माहीत नाही.

एका जुलैत मोखाड्याकडच्या केंद्रावरून चार दिवस शून्य येत होता. शेजारच्या महसूल मंडळांत (मंडळ म्हणजे काही गावांचा गट) मात्र रोज धो-धो. मी कसाऱ्यापर्यंत लोकलने गेलो, पुढे खोडाळ्याच्या रस्त्याने जीप. पावसात समोरचं वळण दिसत नव्हतं. कुंपणाचं कुलूप गंजलेलं, ते तेल टाकून उघडलं. नरसाळं काठोकाठ भरलेलं होतं. जाळीवर पक्ष्यांची विष्ठा, त्यात वाळकं गवत आणि वर शेवाळ, मिळून गच्च बूच बसलेलं. तार घालून ते मोकळं करण्याआधी मी रीड स्विचची वायर सोडवली. हे नव्या मुलांना कोणी सांगत नाही. वायर न काढता बूच काढलं असतं, तर साचलेलं सगळं पाणी एका दमात खाली जाऊन लॉगरने त्या मिनिटाला ढगफुटीची नोंद केली असती. मग साफ करून मोजपात्राने 314 मिलिलिटर पाणी सावकाश ओतलं. एवढं पाणी म्हणजे 10 मिलीमीटर पाऊस, म्हणजे 50 वेळा कलंडायला हवं. 49 वेळा कलंडलं. चालेल एवढा फरक. वायर परत जोडली.

कुंपणापलीकडे घोंगडी घेतलेले एक आजोबा माझं सगळं काम संपेपर्यंत उभे होते. त्यांनी विचारलं, "आमचा पाऊस लिवला का?" भाताचं खाचर वाहून गेलं होतं त्यांचं. महसूल मंडळात 24 तासांत 65 मिलीमीटरच्या वर पाऊस नोंदला गेला की अतिवृष्टी धरली जाते. कोकणात आंबा-काजूच्या हवामान आधारित फळपीक विम्यात तर केंद्राचा आकडा हाच निकष. आणि माझ्या केंद्राचा आकडा होता शून्य. मी अहवालात चार दिवसांची नोंद अविश्वसनीय म्हणून लिहिली, फोटो जोडले. पण तो गेलेला पाऊस काही परत मोजता येत नाही.

ही नोकरी घ्यायची की नाही, हे मी तिथून ठरवतो. डोंगरात तुमच्यामागे तपासणारं कोणी नसतं. भिजलेल्या दुपारी, शेवटची एसटी चुकायच्या बेतात असताना, 314 मिलिलिटर पाणी सावकाश ओतत बसणार का? की फॉर्मवर "कॅलिब्रेशन केलं" असं लिहून निघणार? असं लिहून निघणारे मी पाहिलेत. ज्याला आपल्याबद्दल खात्री नाही त्याने खुशाल प्लांट घ्यावा. तिथली परमिटची आणि दुहेरी तपासणीची शिस्त माणसाला सांभाळून घेते, त्यात कमीपणा काहीच नाही.

अंगमेहनतीचं बोलायचं तर केंद्रावरचा कठीण महिना जुलै नाही, मे आहे. कोकणात पाऊस पोचायच्या आत हाताखालचं प्रत्येक नरसाळं साफ झालंच पाहिजे. जांभ्यावर दुपारी अकरानंतर पान्हा हातात धरवत नाही. वाऱ्याचा सेन्सर 10 मीटर उंच मास्टवर, म्हणजे खांबावर, असतो. आडवा करता येणारा मास्ट असेल तर ठीक, नाहीतर कमरेला बेल्ट लावून चढा. बॅटरी चोरीला जाते, सोलर पॅनेल फुटतं, वेल मास्टवर चढते, पोरं नरसाळ्यात खडे टाकतात. शेजारी लावलेलं आंब्याचं कलम पाच वर्षांत एवढं वाढतं की पाऊस अडतो. तेव्हा झाड तोडा म्हणायचं नसतं, केंद्र हलवायचा प्रस्ताव द्यायचा असतो.

प्लांटचे त्रास वेगळे आहेत. तीन पाळ्या, आणि शटडाउन (दुरुस्तीसाठी प्लांट बंद) लागला की सलग दोन-तीन आठवडे बारा-बारा तास. ॲसिडच्या लाइनजवळचं काम, नाकात बसलेला वास, गॅस डिटेक्टर वाजला की हातातलं सोडून असेंब्ली पॉइंट. पण संध्याकाळी ट्रान्स-हार्बर लोकल पकडली की घरी. आजारी पडलात तर दवाखाना जवळ. लग्न, आईवडिलांचं दुखणं, मुलांची शाळा, या सगळ्याला प्लांट मानवतो. माझा मुलगा शाळेत जायला लागला तेव्हा मी फिरती सोडली, त्याचं कारण हेच.

पैशाचं थोडक्यात. हाती येणारा आकडा सुरुवातीला जवळपास सारखा असू शकतो, पण फिरतीत खिशातून आधी जातं. माझ्या पहिल्या कंपनीने प्रवासाची बिलं तीन-तीन महिने अडकवली होती. याच भाचीच्या आईकडून उसने घेऊन मी गाडीत पेट्रोल भरलंय. प्लांटमध्ये पीएफ, ईएसआयसी, कँटीन मिळतं, पण बहुतेक नवी मुलं ठेकेदाराच्या पटावर असतात. "पुढे परमनंट करू" हे शब्द ऑफर लेटरवर नसतील तर धरू नका.

भाचीचा एक प्रश्न माझ्या डोक्यात आधी आलाच नव्हता, आणि यायला हवा होता: मुलगी म्हणून? केंद्रं बहुधा शाळेच्या, ग्रामपंचायतीच्या किंवा कृषी विभागाच्या आवारात असतात. तिथली माणसं आपुलकीने वागतात. मुख्याध्यापिका बाईंनी जेवायला बसवल्याशिवाय सोडलं नाही, असं मला कितीदा झालंय. पण आडवाटेला स्वच्छतागृह नसणं, जव्हारला मुक्काम पडणं, बंद पडलेली बाइक, हे खरं आहे. जोडीला हेल्पर आणि कंपनीची गाडी नसेल तर मी तिला नको म्हणेन. प्लांटमध्ये रात्रपाळीला घरापासून ने-आण आहे का, एवढं बघायचं.

पुढच्या वाटा दोन्हीकडे आहेत. प्लांटमध्ये डीसीएस (कंट्रोल रूममधून प्लांट चालवणारी संगणक यंत्रणा) आणि कंट्रोल व्हॉल्व्हवर हात बसला की आखाती देशांतली कामं मिळतात, आमच्या कळव्यातूनच किती गेले. केंद्रांवर मात्र सेन्सरपासून सर्व्हरपर्यंत सगळी साखळी एकट्याने हाताळावी लागते: सोलर चार्जिंग, मोडेम, अर्थिंग, लॉगरचं प्रोग्रामिंग. त्यातून धरणांच्या पाणीपातळीची यंत्रणा, कॅलिब्रेशन लॅब, उपकरणं बनवणाऱ्या कंपन्यांची सर्व्हिस, अशी दारं उघडतात. प्लांटमध्ये तुम्हाला बहुतेक वेळा एक एरिया मिळतो आणि वर्षानुवर्षं तोच राहतो. शिवाय मधली वाटही आहे. ऐरोली, नेरूळ, महापे अशा ठिकाणी हवेची गुणवत्ता मोजणारी केंद्रं आहेत. एसी केबिन, कॅलिब्रेशनला गॅसचे सिलिंडर, आणि रात्री स्वतःच्या घरी.

आणि एवढी केंद्रं हवीतच कशाला, असं कोणी विचारलं तर 26 जुलै 2005 आठवा. सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलीमीटर पाऊस झाला आणि त्याच दिवशी कुलाब्याला 75 सुद्धा नाही. एकाच शहरात. मग सह्याद्रीच्या घडीघडीत दर काही किलोमीटरवर पाऊस किती बदलत असेल. तिथलं एकेक चालू नरसाळं किती मोलाचं, हे मला प्लांटमध्ये बसून जास्त जाणवतं.

भाचीच्या पगारावर सध्या घर अडलेलं नाही, आणि ती खोटा आकडा लिहिणारी नाही, हे मी तिच्या लहानपणापासून बघतोय. म्हणून तिला मी पहिली तीन वर्षं केंद्रं घे म्हणालो. केंद्रांवरून प्लांटमध्ये येता येतं, उलटं जाणारा मला अजून भेटलेला नाही. ज्याच्यावर घरचं कर्ज आहे, त्याला मी आजच प्लांट घ्यायला सांगेन. पण सही करण्याआधी तिने कंपनीला विचारायचे प्रश्न मी वहीत लिहून दिलेत. एका माणसामागे केंद्रं किती? पन्नासच्या पुढे असतील तर मे महिन्यात नीट काम होणं अशक्य. गाडी कोणाची? बिल किती दिवसांत निघतं? मास्टवर चढायला बेल्ट आणि अपघात विमा आहे का? आणि सगळ्यात महत्त्वाचं: मी "ही नोंद चुकीची आहे" असं कळवलं, तर तुम्ही ती वर पाठवता की गिळून टाकता? शेवटच्या प्रश्नावर समोरचा अडखळला तर उठून ये, असं सांगितलंय. सोमवारी तिची मुलाखत आहे.