सी ड्राइव्ह भरला? विंडोज ११ची स्वतःची सफाई पुरते, फक्त दोन टिक जपून

२५६ जीबीच्या एसएसडीवर सी ड्राइव्हची पट्टी लाल झाली की नौपाडा असो वा वाशी, सल्ला एकच मिळतो: एखादा फुकटचा ‘क्लीनर’ टाका. त्याची काही गरज नाही. विंडोज ११मध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, स्टोरेज इथे जे दिलेलं आहे ते घरच्या आणि छोट्या ऑफिसच्या मशीनला पुरून उरतं. बाहेरचे बरेच क्लीनर रजिस्ट्रीही, म्हणजे विंडोज आणि प्रोग्रॅम्सच्या सेटिंग्जची नोंदवहीही, ‘साफ’ करतात. त्याने जागा नावापुरतीच सुटते, आणि नको ती नोंद उडाली तर चालू प्रोग्रॅम बंद पडतो.

स्टोरेजमध्ये ‘टेम्पररी फाइल्स’ उघडा आणि यादी पूर्ण येऊ द्या. विंडोज अपडेट क्लीनअप, डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन (अपडेट वाटून घेण्यासाठी साठवलेल्या फाइल्स), थंबनेल्स यांना बिनधास्त टिक करा. थंबनेल्स गेल्यावर फोटोंच्या फोल्डरमधली चित्रं पुढच्या वेळी जरा सावकाश दिसतात, एवढंच. ‘प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन’ कित्येक जीबींचं असतं, पण ते काढलं की जुन्या आवृत्तीवर परत जाता येत नाही. टॅली आणि प्रिंटर नीट चालतात हे बघितल्याशिवाय तिथे टिक नको.

जपून करायची दुसरी टिक ‘डाउनलोड्स’ची. हा फोल्डर कचऱ्याच्याच यादीत दाखवलाय, ही या सोयीतली सर्वांत मोठी चूक. सोसायटीच्या ऑफिसातल्या मशीनवर मालमत्ता कराची पावती, महावितरणचं बिल, बँकेचं स्टेटमेंट सगळं डाउनलोड्समध्येच पडलेलं असतं. इथून उडवलेलं रीसायकल बिनमध्ये सापडेल या भरवशावर राहू नका. कामाच्या फाइल्स आधी डॉक्युमेंट्समध्ये हलवा.

शेजारीच ‘स्टोरेज सेन्स’ आहे, म्हणजे आपोआप होणारी सफाई. रीसायकल बिनला ३० दिवस ठीक. डाउनलोड्स आणि वनड्राइव्ह या दोन्हींना ‘नेव्हर’च ठेवा. नाहीतर बरेच दिवस न उघडलेल्या वनड्राइव्हच्या फाइल्स मशीनवरून निघून फक्त ऑनलाइन उरतात, आणि भर पावसात ब्रॉडबँड गेलं की उघडत नाहीत.

ब्राउझरचा कॅश, म्हणजे पाहिलेल्या पानांची साठवण, मात्र ब्राउझरमधूनच साफ करा. क्रोममध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि डिलीट एकत्र दाबा आणि फक्त ‘कॅश्ड इमेजेस अँड फाइल्स’ला टिक ठेवा. कुकीजची टिक राहिली तर सगळीकडे पुन्हा लॉगिन करत बसावं लागतं.

आता लपलेल्या फाइल्स. एक्सप्लोररमध्ये व्ह्यू, शो, हिडन आयटम्स केलं की फिकट रंगाचे फोल्डर दिसू लागतात आणि हात शिवशिवतात. लपवलेलं म्हणजे टाकाऊ नव्हे. प्रोग्रॅम्सचा डेटा ठेवणाऱ्या अ‍ॅपडेटा फोल्डरमध्ये क्रोमचा ‘यूजर डेटा’ असतो. तो अख्खा उडवला तर बुकमार्क आणि पासवर्डही गेले. विंडोजमधल्या ‘इन्स्टॉलर’ फोल्डरला हात लावलात तर पुढे काही प्रोग्रॅम अपडेटही होत नाहीत आणि अनइन्स्टॉलही. विंडोजच्या सिस्टिम फाइल्सच्या ‘विनएसएक्सएस’ फोल्डरचा आकार एक्सप्लोरर फुगवून दाखवतो, कारण एकच फाइल दोन ठिकाणी मोजली जाते, तो हाताने कधीच साफ करायचा नाही. ‘प्रीफेच’ (प्रोग्रॅम लवकर उघडावेत म्हणून विंडोजने ठेवलेल्या नोंदी) पुसून वेग वाढतो हा गैरसमज आहे, उलट प्रोग्रॅम पहिल्यांदा उघडताना रेंगाळतात.

खरोखर जागा खाणारी एक लपलेली फाइल म्हणजे हायबरफिल. ती साधारण रॅमच्या ४० टक्के असते, म्हणजे १६ जीबी रॅमवर सहा जीबींच्या वर. हायबरनेट, म्हणजे चालू काम डिस्कवर साठवून मशीन बंद करणं, वापरत नसाल तर कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून पॉवरसीएफजी, स्लॅश एच, ऑफ (powercfg /h off) हे इंग्रजीत टाइप करा. फाइल जाते, पण फास्ट स्टार्टअपही बंद होतं. ‘टेम्पररी फाइल्स’च्या यादीत हा पर्याय यायला हवा होता; नाही, म्हणून विंडोजच्या सफाईला पाचात चार गुण.

स्टेशनबाहेरच्या झेरॉक्सवाल्याकडून आलेल्या पेन ड्राइव्हची गोष्ट वेगळी. फोल्डर गायब आणि नुसते शॉर्टकट दिसले तर फॉरमॅट करू नका, शॉर्टकटवर क्लिकही नको. व्हायरसने बहुतेक वेळा फाइल्स फक्त लपवलेल्या असतात. आधी विंडोज सिक्युरिटीने ड्राइव्ह स्कॅन करा. मग वर सांगितलेले हिडन आयटम्स चालू ठेवून फोल्डर ऑप्शन्समध्ये ‘हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स’ची टिक काढा, फाइल्स मशीनवर कॉपी करा आणि ती टिक आठवणीने परत लावा.