गावी आईच्या फोनमध्ये कुठलं कार्ड घालावं?

दापोली तालुक्यातल्या आमच्या वाडीत रेंज शोधावी लागते. पडवीच्या टोकाला एका कंपनीची मिळते, विहिरीपाशी दुसरीची आणि माजघरात बहुतेकांची जातेच. चिऱ्याच्या जाड भिंती, त्यात मागे डोंगर. आईच्या फोनमध्ये गेल्या काही वर्षांत चारही कंपन्यांची कार्डं घालून झाली. तुम्हीही गावी राहणाऱ्या आईवडिलांसाठी कार्ड बघत असाल, तर आमचा अनुभव कदाचित उपयोगी पडेल.

घरात फक्त २जी चालणारा साधा बटणांचा फोन असेल तर जिओ बाद. जिओ २०१६ मध्ये आलं तेच ४जी घेऊन, त्यांच्याकडे २जी नाहीच. बाकी तिघांचं २जी चालू आहे. नातवंडांना व्हिडिओ कॉलवर बघायचं असेल तर आमच्याकडे जिओ किंवा एअरटेल. त्यातही पडवीत बसून बोलायला एअरटेलचा आवाज मला जास्त स्वच्छ वाटला. व्हीआयकडे जुन्या आयडियाचं ९०० मेगाहर्ट्‌झचं, म्हणजे लांब पोचणाऱ्या लहरींचं जाळं आहे. पूर्वी तुमच्या गावात आयडिया नीट चालत असेल, तर ते एकदा लावून बघायला हरकत नाही.

पण माझा निर्णय वेगावर झाला नाही, लाईटवर झाला.

कोकणात जुलैमध्ये लाईट जाते हे सांगायला नको. लाईट गेली की टॉवर बॅटरीवर चालतो आणि बॅटरी उतरली की डिझेलवर. डिझेल वेळेवर पोचलं नाही तर टॉवर बंद. तेव्हा आम्ही जे कार्ड वापरत होतो (कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही), त्याची रेंज लाईट गेल्यावर दोन-अडीच तासांत जायची. एका रात्री बाबांना धाप लागली. सातला लाईट गेलेली, साडेनऊला रेंज गेली. आईने फोन दुधाच्या पिशवीत गुंडाळला आणि टॉर्च घेऊन भर पावसात वरच्या वळणापर्यंत चढून गेली, तेव्हा कुठे रिक्षावाल्याला फोन लागला. फोनमध्ये दुसऱ्या कंपनीचं कार्डही होतं. तेही बंद, कारण दोघांचे अँटेना एकाच टॉवरवर. हे मला तोवर ठाऊकच नव्हतं. दोन कार्डं घेणार असाल तर ती वेगवेगळ्या टॉवरवरची आहेत ना, एवढं गावात विचारून घ्या. लाईट गेल्यावर कुणाचा फोन चालू राहतो, हे किराणा दुकानदाराला नेमकं माहीत असतं.

आता आईच्या फोनमध्ये पहिलं कार्ड बीएसएनएलचं आहे. आमच्या बाजूचा त्यांचा टॉवर रात्रभर लाईट नसतानाही चालू राहिलेला मी दोन पावसाळे पाहिला. दुसऱ्या गावात उलटं असू शकेल, म्हणून हे आमच्या वाडीपुरतंच समजा. सप्टेंबर २०२५ मध्ये त्यांचं स्वदेशी ४जी देशभर सुरू झालं आणि त्यात ७०० मेगाहर्ट्‌झचा बँड (लहरींचा पट्टा) आहे. तो लांब जातो आणि भिंतीतूनही बरा आत शिरतो. मात्र फोनला तो बँड चालायला हवा, बऱ्याच जुन्या फोनमध्ये तो नसतो. आईचा फोन त्यासाठीच बदलला. वेगाची अपेक्षा फार नको. व्हिडिओसाठी दुसऱ्या खणात जिओ ठेवलंय, त्याचा टॉवर वेगळा आहे.

निसर्ग चक्रीवादळात, ३ जून २०२० ला, सगळ्यांचीच रेंज गेली होती. तेव्हाच्या अनुभवावरून कुठल्याही कंपनीला नावं ठेवू नयेत. परीक्षा घ्यायची तर साध्या पावसाळी रात्रीची घ्या. गणपतीत घेऊ नका. चाकरमानी आले की नेट सगळ्यांचंच रखडतं.

नंबर लगेच पोर्ट करू नका. आधी नवं कार्ड घ्या, एक पावसाळा दुसऱ्या खणात वापरून बघा. पटलं तर जुन्या नंबरवरून १९०० ला पोर्टचा मेसेज पाठवा. आईचा नंबर आम्ही असाच हलवला. परवा लाईट नव्हती, तरी रात्री दहाला तिचा फोन आला, माजघरातून.