सोयाबीनच्या हवाबंद पिशव्या: दिवाळी ते मृग वापरल्यावर

घरचं बियाणं ठेवणार असाल तर या पिशव्या घ्या. विकायच्या मालाला घेण्याआधी मात्र कागदावर हिशेब मांडा.

पिशवी तीन पदरी, ५० किलोची: बाहेर नेहमीची विणलेली प्लास्टिकची गोणी, आत ८० मायक्रॉन जाडीच्या पॉलिथिनच्या दोन पिशव्या. ही रचना मुळात अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांनी आफ्रिकेत चवळी साठवण्यासाठी केली. आत अडकलेले किडे तिथला प्राणवायू संपवतात आणि मरतात. पण साठवलेल्या सोयाबीनला कीड तशी कमीच लागते, त्यामुळे ‘औषधाशिवाय कीड बंद’ ही जाहिरात तूर-हरभऱ्यासाठी ठीक. सोयाबीनला खरा उपयोग ओलाव्याचा: भरताना जेवढा असेल तेवढाच राहतो. जूनची दमट हवा आत येत नाही, पण आतलं पाणीही बाहेर जात नाही. पिशवी माल सुकवत नाही, हे विक्रेता सांगत नाही.

बियाणे प्रमाणीकरणाच्या मानकात सोयाबीनला साध्या पोत्यात कमाल १२ टक्के ओलावा चालतो, हवाबंद वेष्टनात फक्त ७. उन्हात वाळवून ७ गाठणं अवघड, आणि इतका कोरडा दाणा हाताळताना साल तडकते. आम्ही ९ ते १० वर थांबतो. १३-१४ टक्क्यांचा माल भरला तर उघडताना आंबूस वास येतो, दाण्यांचे गठ्ठे होतात, त्यावर पांढरी बुरशी दिसते.

ओलावा मोजण्यात सगळ्यात जास्त फसगत होते. दिवसभर ताडपत्रीवर तापलेला दाणा वरून सुकतो, गाभ्यात ओल राहते, आणि मीटर कमी आकडा दाखवतो. रात्रभर ढीग झाकून ठेवा, सकाळी दाणा गार झाल्यावर पुन्हा मोजा. आकडा बहुधा वर सरकलेला असतो. ढिगाच्या तळातून, मधून, कडेने वेगवेगळे नमुने घ्या आणि मीटरवर पीक सोयाबीनच निवडलंय ना ते बघा. बाटलीत कोरडं मीठ आणि दाणे हलवून बघायची युक्ती इथे कामाची नाही. काचेला मीठ चिकटू लागतं ते साधारण १५ टक्क्यांच्या वर, आणि आपल्याला त्याच्या बरंच खाली जायचंय.

मळणीत दाणा फुटला असेल तर पुढे कुठलीही पिशवी तो वाचवत नाही. बियाण्याचा प्लॉट वेगळा काढा. १३ ते १४ टक्के ओलाव्याला हडंब्याच्या (मळणी यंत्राच्या) ड्रमचे फेरे मिनिटाला ३०० ते ४०० च ठेवा. भाड्याचा हडंबावाला तासाचा हिशेब बघतो, वेग कमी करायला कुरकुरतो. हे आधीच ठरवून घ्यावं.

भरण्याआधी माल चाळणीतून काढा. काड्यांचे आणि शेंगांचे तुकडे आतल्या पिशव्यांना टोचतात. रिकाम्या पिशवीत हवा भरून तोंड दाबा, कुठून फुसफुसते का ऐका. गार माल सकाळी भरा. दुपारचा तापलेला भरला तर रात्री आतून घाम धरतो. वर वीतभर जागा सोडून हवा दाबून काढा, पिशवीचं तोंड पिळा, दुमडा आणि सुतळीने घट्ट बांधा. दोन्ही पिशव्या वेगवेगळ्या बांधायच्या. एकाच गाठीत उरकलं तर दोन पिशव्यांचे पैसे देऊन उपयोग एकीचा.

शेतातून घरापर्यंत माल साध्या पोत्यातच आणा. ट्रॉलीच्या तळाचे खिळे, फाळक्याच्या कडा आणि हमालाचा हुक, तिन्ही या पिशवीचे वैरी आहेत. भरलेली पिशवी दोघांनी उचलून ठेवायची, फेकायची नाही; आपटलेल्या दाण्याची उगवण घटते. बाहेरची गोणी गुळगुळीत असल्याने थर सरकतो, म्हणून आडवी-उभी रचा आणि चार-पाच थरांवर जाऊ नका. खाली लाकडी फळ्या हव्यात, भिंतीपासून फूटभर अंतर हवं. उंदरांना ही पिशवी अजिबात अडवत नाही.

उष्णतेलाही नाही. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या शेडखाली ठेवलेलं बियाणं हवाबंद असूनही मरतं. माळवदाची किंवा स्लॅबची थंड खोलीच हवी.

आता विक्रीचा हिशेब. बाजारात १२ टक्के ओलावा चालतो. तो १० वर आणला की क्विंटलमागे सव्वादोन किलो वजन जातं. २०२५-२६ च्या ५,३२८ रुपये हमीभावाने सुमारे ११८ रुपये. वर पिशवीची किंमत. दिवाळीनंतर लगेच विकणाऱ्याला हा खर्च कशाला? उन्हाळ्यापर्यंत थांबणाऱ्याचं गणित वेगळं आहे. साध्या पोत्यात कोरड्या हवेने माल ११ वरून ८ टक्क्यांवर आला, तर क्विंटलमागे सव्वातीन किलो घट येते. ११ वर हवाबंद भरलेल्या मालाची ही घट वाचते, फक्त पावसाळ्याआधी तो विकून मोकळं व्हावं. शेतमाल तारण कर्ज (गोदामात माल गहाण ठेवून) काढायचं असेल तर या पिशव्या विसरा. तिथे नमुन्यासाठी पोत्यात टोकदार नळी खुपसतात, म्हणजे हवाबंदपणा संपलाच.

बियाण्याची पिशवी मधे उघडून बघायचा मोह टाळा. मे महिन्यात एकच उघडा, १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण तपासा. ७० किंवा जास्त उगवले तर हेक्टरी ७५ किलो बियाणं पुरतं. कमी आले तर त्या प्रमाणात वाढवा. तपासलेली पिशवी पुन्हा बांधून ठेवण्यापेक्षा पेरणीला तीच आधी वापरा.

दुसऱ्या हंगामाला पिशव्या चालतात, पण सगळ्या नाहीत. पाणी भरून टांगल्यावर जी थेंबभरही गळते, ती बियाण्यासाठी बाद करा आणि साधा माल भरायला ठेवा.