तीन ऑइल सील आणि एक फुगलेला पाईप : आठ महिने वापरल्यावर

लिहीन लिहीन म्हणत आठ महिने गेले. मुद्दाम थांबलो, कारण माझ्या ट्रकची इंजिन ऑइलची गळती बंद झाली असं मी याआधी दोनदा सगळ्यांना सांगून तोंडावर पडलोय, म्हणून या वेळी म्हणलं चाळीस हजार किलोमीटर होऊ देत, थोडा पाऊस अंगावर घेऊ देत गाडीला, मग बोलू. आता झाले चाळीस.

गाडी सहाचाकी, सहा सिलेंडर टर्बो, बीएस थ्री, 2013 चं मॉडेल. कंपनीचं नाव घेत नाही, कंपनीचा यात काही दोष नाहीच. काम म्हणजे लासलगावहून वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटला कांदा, आणि येताना भिवंडीच्या गोडाऊनमधला जो मिळेल तो माल नाशिकपर्यंत. म्हणजे गाडी कसारा घाट भरलेली उतरते आणि भरलेलीच चढते. हे ध्यानात ठेवा, सगळी गोम त्यातच होती आणि मला पाच महिने दिसली नाही.

सुरुवात अशी झाली की बेल हाउसिंगच्या, म्हणजे इंजिन आणि गिअर बॉक्सच्या मधल्या क्लचच्या कवचाच्या, खाली जे छोटं भोक असतं ना, तिथून थेंब पडायला लागले. आधी वाटलं गिअर बॉक्सचं ऑइल असेल, बोटावर घेऊन वास घेतला, पण गिअरच्या नव्वद नंबर ऑइलला तो गंधकाचा उग्र वास असतो तो नव्हता, काळंभोर, पातळ, सरळ सरळ इंजिनचं. आता इंजिन आणि गिअर बॉक्सच्या मधून इंजिन ऑइल गळतंय म्हणल्यावर कुणीही एकच सांगणार, क्रँकचं मागचं सील, म्हणजे फिरत्या दांड्याभोवती ऑइल अडवणारी रिंग, गेलं. मी पण तेच म्हणलो. गॅरेजवाला पण तेच म्हणाला. जॉइंट सोडा, गिअर बॉक्स उतरवा, क्लच प्लेट, फ्लायव्हील काढा, सील बदला, परत सगळं चढवा, दोन दिवस गाडी उभी. बारा दिवस कोरडी राहिली आणि तेराव्याला परत थेंब.

दुसऱ्या वेळेला म्हणलं स्वस्तातलं सील असेल म्हणून महागातलं आणलं, टेफ्लॉनच्या ओठाचं, ओठ म्हणजे दांड्याला टेकणारी कड. परत गिअर बॉक्स खाली. या वेळी तीन आठवडे. मध्ये क्लच प्लेट ऑइलने भिजली ती पेट्रोलने धुऊन बसवली, ती घाटात सरकायला लागली, शेवटी नवीन टाकली. त्या दिवसांत फेरीला पाऊण लिटर ऑइल वर टाकत होतो आणि पोरगं गाडी उभी केली की न सांगता खाली पुठ्ठा सरकवायचं.

मधल्या काळात ते बाटलीतलं गळती थांबवायचं औषध पण टाकून झालं. त्यावर माझं मत स्पष्ट सांगतो. त्याने जुनं कडक झालेलं रबर थोडं मऊ होतं, फुगतं, त्यामुळे कुणाची कारची बारीक ओल थांबत असेल तर थांबू दे, पण जिथे आतून दाब सीलला बाहेर ढकलतोय तिथे ती बाटली म्हणजे पुराला पदर लावण्यातला प्रकार. माझ्याकडे काडीचा फरक पडला नाही.

मग एका ओळखीच्या जुन्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो आतापर्यंत कुणीच विचारला नव्हता, "मालक, कधी गळते?" म्हणलं चालवल्यावर. "तसं नाय, जाताना का येताना?" आणि मी गप्प. खरंच, वाशीला पोचल्यावर मार्केटात गाडी सहा-सहा तास उभी असते, तिथे पुठ्ठ्यावर दोन-चार थेंब, आणि इगतपुरीला चहाला थांबलो की तळहाताएवढं डबकं. जाताना कोरडी, येताना ओली. मिस्त्री म्हणाले मग सील काढायची घाई करू नका, आधी धुवा.

धुणं हा भाग लोक टाळतात आणि तिथेच फसतात. इंजिनवर दहा वर्षांची माती आणि ऑइलचा थर असला तर कशातून गळतंय हे देवालाही कळायचं नाही. डिझेल मारून, ब्रशने घासून, हवा मारून पूर्ण कोरडं केलं, केबिनमधलं इंजिन कव्हर काढून वरूनही. आणि ऑइल नेहमी खाली आणि मागे जातं, चालत्या गाडीत वारा त्याला मागे ढकलतो, त्यामुळे जिथून थेंब पडतोय ती जागा नाही बघायची, सगळ्यात वर आणि सगळ्यात पुढे ओलं कुठे आहे ते बघायचं. मिस्त्रींनी सांध्यांवर चक्क अंगाला लावायची पावडर मारली, म्हणजे ऑइल आलं की पांढऱ्यावर काळी रेघ उठते. गरिबाचं एक्स-रे मशीन.

मी त्याच्या जोडीला यूव्ही डाय, म्हणजे ऑइलमध्ये टाकायचा यूव्ही उजेडात चमकणारा रंग, आणि त्याचा टॉर्च मागवला होता. आठ महिन्यांनी त्याबद्दल सांगायचं तर काम करतो, पण डिझेल गाडीला अटी लागू. डिझेलचं वापरलेलं ऑइल काजळीने काळं झालेलं असतं, त्यात डाय टाकला की चमक मरते, मी आधी जुन्याच ऑइलमध्ये टाकून पैसे वाया घालवले. नवीन ऑइल भरलं (सोळा लिटर लागतं, 15डब्ल्यू-40) आणि त्याच दिवशी डाय टाकला तेव्हा कुठे पिवळं-हिरवं दिसायला लागलं, तेही रात्री, पिवळा चष्मा लावून. टॉर्च घेताना 365 नॅनोमीटरचा घ्या, 395 चा स्वस्त मिळतो पण त्याचाच जांभळा उजेड एवढा पडतो की बाकी काही दिसत नाही. आणि एक, कुलंटसुद्धा या उजेडात चमकतं. वॉटर पंपाजवळ चमक बघून मी अर्धा तास टाइमिंग कव्हरला शिव्या घालत होतो.

तर भिवंडीचा माल भरून घाट चढवला, आणि रात्री इगतपुरीच्या पुढे गाडी बाजूला घेऊन बघितलं. सील ओलं होतंच. पण टॅपेट कव्हरचा, म्हणजे हेडवरच्या झाकणाचा, मागचा कोपरा, जो केबिनच्या भिंतीला चिकटून असतो आणि केबिनमधलं कव्हर काढल्याशिवाय दिसतच नाही, तोही चमकत होता आणि तिथून एक बारीक ओघळ हेडच्या मागून थेट बेल हाउसिंगवर उतरला होता. टर्बोनंतरच्या पाईपच्या जॉइंटलाही ओल. म्हणजे एका वेळी तीन जागा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, डिपस्टिक, ऑइल मोजायची पट्टी, तिच्या जागेवरून बोटभर वर उचललेली. ती आपोआप वर येत नाही. आतून कुणीतरी ढकललं तरच येते.

मिस्त्रींना फोन केला तर ते हसले, म्हणाले, "श्वास कोंडलाय तिचा."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. पिस्टनच्या रिंगांमधून थोडा गॅस कायम खाली चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनच्या तळाच्या ऑइलच्या भांड्यात, उतरतोच, नव्या इंजिनमध्येही. आपल्याकडे याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतात. तो गॅस बाहेर जायला ब्रीदर असतो. ब्रीदर तुंबला की दाब आत साठतो आणि मग जिथे कमजोर जागा सापडेल, सील म्हणा पॅकिंग म्हणा, तिथून ऑइलसकट बाहेर पडतो. टर्बोमधून परत येणारं ऑइलही त्या दाबामुळे नीट खाली उतरत नाही, म्हणून तिथे ओल. इंजिनवर लोड जास्त तेवढा हा गॅस जास्त. घाट उतरताना पायाखाली ॲक्सिलेटर नसतो, गॅस जवळपास नाही, चढताना फुल लोड. गाडी पाच महिने मला रोज सांगत होती आणि मी सीलं बदलत होतो.

दुसऱ्या दिवशी ब्रीदरचा पाईप काढला. दोन वर्षांपूर्वी दुसऱ्याच एका कामात कुणीतरी तो बदललेला, आणि ऑइलचा पाईप न लावता साधा पाण्याचा रबरी होज कापून लावलेला. बाहेरून अगदी ठणठणीत, क्लिपा कडक, कुणालाही शंका येऊ नये असा. मी एका टोकाला डोळा लावला तर उजेड जेमतेम दिसला. पाण्याच्या होजचं रबर ऑइलच्या वाफेत फुगतं, तसं ते आतून फुगून फुगून बोट जाईल एवढ्या भोकाची पेन्सिलीएवढी फट राहिलेली, आणि दाबला तर शिळ्या खरवसासारखा मऊ. गॅरेजमध्ये गाडी नुसती स्टार्ट ठेवून तपासली की तेवढ्या फटीतून गॅस आरामात जायचा, म्हणून कुणाला काही सापडायचं नाही. घाटात गरम होऊन तो अजून मऊ पडत असणार आणि फट अजून बारीक.

हे सापडण्याच्या आदल्याच आठवड्यात एका ठिकाणी मला रिंगा-पिस्टन बदलायला सांगितलं होतं. ऑइल भरायचं झाकण काढल्यावर धूर मारतंय, म्हणजे इंजिन काम आलं, असा हिशोब. होज काढून तीच तपासणी परत केली, झाकण सैल करून तोंडावर उलटं ठेवलं, ते नुसतं थरथरलं, उडालं नाही. रिंगा ठीक होत्या. कोंडलेला धूर होता तो.

मग काय केलं ते पटपट. ऑइलला चालणारा नायट्राइल होज, मीटरला 380 रुपये. टॅपेट कव्हरचं पॅकिंग नवीन, बोल्ट मापातच आवळले, कारण जास्त आवळलं की पॅकिंग चिरडून बाहेर येतं आणि गळती वाढते. आणि हो, तिसऱ्यांदा सील, कारण दाबाने दुसऱ्याचा ओठ उलटा झालेला. या वेळी मी स्वतः शेजारी उभा होतो. क्रँकवर जुन्या सीलने चर पाडलेली, नख फिरवलं की अडकायचं. मिस्त्रींनी नवीन सील दोनेक मिलिमीटर आत बसवलं म्हणजे ओठ कोऱ्या जागेवर फिरेल. चर खोल असती तर त्यावर पातळ स्टीलची बाही चढवतात, पाव मिलिमीटरच्या आसपास जाडीची, ती लागली नाही. आणि टेफ्लॉनचं सील कोरडं बसवायचं असतं, खोक्यावरच लिहिलंय. आधीच्या वेळी भरपूर ऑइल चोपडून बसवलेलं, साध्या रबरी सीलची सवय. तेव्हा खोकं मी पण वाचलं नव्हतं.

आता आठ महिन्यांनी. सील कोरडं, बेल हाउसिंगचं भोक कोरडं, त्यावर धूळ बसलीये ती बघूनच बरं वाटतं. डिपस्टिक जागेवर. दोन ऑइल बदल झाले, दोन्हीच्या मध्ये मिळून दीड लिटर वर टाकलं असेल, या वयाच्या गाडीला एवढं चालतं. क्लच घाटात धरतो. ब्रीदरच्या टोकाला हलका धूर दिसतो आणि जॅकेटवाले नवशिके ड्रायव्हर शेजारी थांबून सांगतात "काका, धूर येतोय खालून", त्यांना म्हणतो येऊ दे, तेच हवंय.

नायट्राइल होज दर ऑइल बदलाला काढून आरपार बघतो, अजून गोल आहे. क्लिप मात्र एकदा सैल झाली होती.

पूर्ण समाधान आहे असं नाही. चेंबरच्या मागच्या उजव्या कोपऱ्यात बारीक ओल धरतेय, थेंब नाही. पत्रा बोल्टच्या भोकाशी वाकलाय, तो काढून सपाट करून मग पॅकिंग बसवायला पाहिजे, नुसतं वरून सिलिकॉन फासून होणार नाही, आणि आत गेलेलं जास्तीचं सिलिकॉन ऑइलच्या जाळीत अडकलं तर वेगळंच लचांड. कांद्याची गर्दी सरली की करू.

पोरगं अजून पुठ्ठा टाकतंच. काल बघितलं तर त्यावर एक थेंब होता, मी खाली वाकलो, वास घेतला. पावसाचं पाणी.