व्हीडीआरएल की टीपीएचए? आधी तारीख मोजा

लॅबच्या काउंटरवर आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी खालच्या आवाजात विचारतं, "परवा संबंध आला, कंडोम नव्हता. व्हीडीआरएल करू की टीपीएचए?" या दोन्ही उपदंशाच्या रक्तचाचण्या. मागच्या महिन्यात आलेल्या मुलाने तर विचारता विचारताच बाही वर केली होती. मी सुई बाजूला ठेवली आणि त्याला आधी बसवलं. दोन्हींपैकी कुठलीही चाचणी त्या दिवशी केली असती, तरी परवाबद्दल तिने काहीच सांगितलं नसतं.

उपदंश म्हणजे सिफिलिस, आपल्याकडे जुनी माणसं ज्याला गरमी म्हणतात तो आजार. या दोन्ही चाचण्या त्याचा जंतू शोधत नाहीत. जंतूमुळे शरीरात तयार होणाऱ्या प्रतिपिंडांचा, म्हणजे अँटिबॉडीजचा त्या शोध घेतात, आणि त्या तयार व्हायला वेळ लागतो. लागण झाल्यावर पहिला व्रण १० ते ९० दिवसांत कधीही उठतो, बहुधा तिसऱ्या आठवड्याच्या आसपास. तो दुखत नाही. तोंडात, गुदद्वाराशी किंवा योनीच्या आत असला तर कळतही नाही, आणि तीन ते सहा आठवड्यांत आपोआप भरून येतो. रक्त मात्र व्रण उठल्यानंतर आणखी एक ते चार आठवड्यांनी पॉझिटिव्ह होतं.

व्हीडीआरएल आणि आरपीआर या सख्ख्या बहिणी. आरपीआरमध्ये पांढऱ्या कार्डावर रक्तद्रवाचा थेंब आणि कोळशाचे बारीक कण मिसळून कार्ड आठ मिनिटं फिरवतात. कणांचे काळे पुंजके झाले तर पॉझिटिव्ह, करडेपणा एकसारखा राहिला तर निगेटिव्ह. ही चाचणी स्वस्त आहे आणि तिचा मोठा गुण म्हणजे टायटर, म्हणजे १:८, १:३२ असा आकडा (दुसरी संख्या मोठी, तितका टायटर जास्त). आजार आत्ता किती जोरात आहे आणि उपचार लागू पडतोय का, हे त्यावरून समजतं. पण व्रणाच्या अवस्थेत १०० पैकी १५ ते २५ रुग्ण तिच्यातून निसटतात. पुढे अंगावर पुरळ येतं त्या अवस्थेत ती जवळजवळ कुणालाच सोडत नाही. उलटही घडतं. गरोदरपण, मलेरिया, कुष्ठरोग, ल्युपस यांत उपदंश नसतानाही ती कमी टायटरने पॉझिटिव्ह येऊ शकते. नुसत्या व्हीडीआरएलच्या कागदावरून घरात भांडण पेटू देऊ नका.

टीपीएचए थेट या जंतूविरुद्धच्या अँटिबॉडीज पकडते, त्यामुळे खोटा पॉझिटिव्ह क्वचितच येतो. मोठ्या लॅबमधल्या क्लिया, एलायझा या चाचण्या याच गटातल्या आणि त्या बहुधा थोड्या आधी पॉझिटिव्ह होतात. बोट टोचून होणारी रॅपिड कार्डंही सहसा याच गटातली. पण या गटाला जुनं-नवं कळत नाही. पूर्ण बरा झालेला माणूसही बहुतेक वेळा आयुष्यभर पॉझिटिव्ह राहतो. तुम्हाला पूर्वी उपदंश होऊन गेला असेल, तर टीपीएचएवर पैसे घालवू नका, आरपीआरचा टायटर मागा.

पूर्वी आजार झालेला नसेल, तर माझं मत स्पष्ट आहे: सहा आठवड्यांनी दोन्ही करा आणि ९० दिवस उलटल्यावर पुन्हा दोन्ही. सहाव्या आठवड्याचा निगेटिव्ह रिपोर्ट दिलासा देतो, खात्री ९० दिवसांनंतरच्या रिपोर्टची. पैसे एकदाच खर्चायचे असतील तर ते ९० दिवसांनंतर. पहिल्याच दिवशीची तपासणी फक्त आधीची लागण होती का, हे सांगते. त्या मुलाच्या पावतीमागे मी या दोन तारखा लिहून दिल्या आणि तोवर कंडोमशिवाय संबंध ठेवू नकोस, असं सांगितलं.

तीन प्रसंगांत मात्र तारखा मोजत बसू नका. व्रण दिसत असेल तर आजच त्वचा-गुप्तरोग तज्ज्ञाकडे जा. रक्त निगेटिव्ह असलं तरी व्रण बघून, त्याच्या स्रावाची तपासणी करून उपचार सुरू करता येतात. जोडीदाराला उपदंश असल्याचं नक्की झालं असेल आणि संबंध गेल्या ९० दिवसांतला असेल, तर रिपोर्ट निगेटिव्ह असतानाही डॉक्टर बहुधा पेनिसिलिन देतात. आणि बाई गरोदर असेल तर एक दिवसही थांबू नका, कारण लागण बाळापर्यंत पोचते. घरात उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या मधल्या काळात घेतल्या असतील तर तेही डॉक्टरांना सांगा. अर्धवट औषधाने रिपोर्टचा अर्थ लावणं कठीण होतं.

सरकारी रुग्णालयांतल्या 'सुरक्षा क्लिनिक' या गुप्तरोगांच्या दवाखान्यात तपासणी आणि उपचार मोफत होतात, आणि १०९७ या हेल्पलाइनवर नाव न सांगता विचारता येतं.

उपदंश निघालाच आणि इंजेक्शन घेतलं, तर पहिला टायटर जपून ठेवा. पुढच्या सहा ते बारा महिन्यांत १:३२ चा १:८ किंवा त्याहून कमी झाला, म्हणजे उपचार लागू पडला. ही तुलना एकाच लॅबच्या एकाच पद्धतीची हवी, कारण आरपीआरचा आकडा व्हीडीआरएलच्या आकड्याशी जुळत नाही. आणि रिपोर्टच्या मथळ्यावर व्हीडीआरएल छापलेलं असताना प्रत्यक्षात आरपीआर केलेली असू शकते, म्हणून पद्धतीच्या रकान्यात काय लिहिलंय ते वाचून घ्या.