बंद कारखान्यांचे कृष्णधवल फोटो: फिल्म की डिजिटल?

काजळीनं काळी पडलेली भिंत, तिच्या पुढ्यात गंजलेला बॉयलर आणि वरच्या फुटक्या तावदानातून दिसणारं दुपारचं आभाळ. बंद साखर कारखान्याच्या बॉयलर हाउसमध्ये ही तिन्ही एकाच चौकटीत येतात आणि फिल्म की डिजिटल या प्रश्नाचं खरं उत्तर तिथंच मिळतं. आयएसओ (फिल्मची किंवा सेन्सरची संवेदनशीलता) ४०० आणि एफ ८ (अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सच्या छिद्राचा आकडा) वर उजेड मोजणारा मीटर काळ्या भिंतीसाठी ८ सेकंद सांगतो, तर खिडकीसाठी १/१२५. म्हणजे १० स्टॉपचं अंतर; एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा. एवढा पल्ला एका क्लिकमध्ये कुणालाच धड पेलवत नाही. काय गमवायचं आणि ते कसं गमवायचं, एवढंच आपल्या हातात उरतं.

फिल्मला उजेड जास्त झालेला चालतो, कमी पडलेला चालत नाही. डिजिटलचं नेमकं उलटं: सावलीतून पुष्कळ काही वर काढता येतं, पण एकदा जळलेली खिडकी परत येत नाही. म्हणून फिल्मवाला मीटर धरतो अंधाराकडे आणि डिजिटलवाला खिडकीकडे. पुढचे बहुतेक फरक यातूनच निघतात.

तीच भिंत, दोन हिशेब

आधी फिल्म. मीटर जे बघतो त्याला मधला करडा समजतो. काजळीच्या भिंतीला त्यानं सांगितलेले ८ सेकंद दिले तर भिंत राखाडी होईल. ती काळीच राहावी, पण विटांचे सांधे दिसावेत, म्हणून २ स्टॉप कमी करायचे. उरले २ सेकंद. इथं फिल्मचा एक स्वभाव आडवा येतो. एक सेकंदापलीकडे उजेडाला तिचा प्रतिसाद मंदावतो आणि वेळ वाढवून द्यावा लागतो. इल्फर्ड कंपनीच्या एचपी५ प्लस या फिल्मला मोजलेल्या सेकंदांचा १.३१ वा घात करायचा, एफपी४ प्लसला १.२६ वा. एचपी५ वर २ सेकंदांचे अडीच होतात, ते किरकोळ आहे. पण बारीक दाण्यासाठी कमी आयएसओची एफपी४ घेतली आणि यंत्राचा पुढचा-मागचा भाग स्पष्ट यावा म्हणून एफ ११ केलं, की मोजलेला वेळ १३ सेकंद येतो आणि द्यावे लागतात २५. त्यावर गंज उजळवायला २ स्टॉप खाणारा नारिंगी फिल्टर चढवला, तर मोजलेले ५२ सेकंद होतात आणि प्रत्यक्षात १४५, म्हणजे जवळपास अडीच मिनिटं. फिल्टरचा गुणक आधी लावायचा आणि घात त्यानंतर. क्रम उलटला तर वेळ कमी पडतो आणि निगेटिव्हच्या सावल्या पातळ निघतात, आणि नवख्या माणसाचा पहिला रोल बहुधा याच चुकीनं जातो.

लांब एक्स्पोजरची कामं जास्त असतील तर फुजीची अ‍ॅक्रोस २ बघा. १०० आयएसओची ही फिल्म १२० सेकंदांपर्यंत दुरुस्तीच मागत नाही. वरच्याच उदाहरणात फिल्टरसकट ६४ सेकंद मोजले की ६४ सेकंदच द्यायचे. अंधाऱ्या शेडसाठी आमची पहिली पसंती हीच.

खिडकीचं काय? भिंत काळी ठेवली तरी खिडकी फिल्मच्या आवाक्यापलीकडेच आहे. थोडा आराम हवा असेल तर एचपी५ ला २०० आयएसओ धरून जास्त उजेड द्यावा आणि डेव्हलपिंगचा वेळ २० ते २५ टक्के कमी करावा. आयडी-११ हा डेव्हलपर पाण्यात एकास एक पातळ केलेला, २० अंश सेल्सिअसला नेहमीची १३ मिनिटं. ती १० वर आणायची. खिडकी तरीही पूर्ण सापडणार नाही. पण तिच्या कडेनं उजेड हळूहळू विरतो, धारदार पांढरा तुकडा पडत नाही, आणि जुन्या इमारतीत तो विरणारा उजेड खरोखर शोभतो.

आता डिजिटल. आयएसओ १०० आणि एफ ८ वर आभाळ सांभाळणारं एक्स्पोजर १/८ सेकंद येतं आणि भिंतीचं ८ सेकंद. मधले ६ स्टॉप भरायला २-२ स्टॉपच्या अंतरानं चार फ्रेम लागतात: १/८, १/२, २ आणि ८ सेकंद. कॅमेऱ्यात पाचचं ब्रॅकेटिंग (वेगवेगळ्या एक्स्पोजरच्या फ्रेम ओळीनं घेणं) असेल तर पाच घ्या, जास्तीची फ्रेम काही मागत नाही. तिपाई, २ सेकंदांचा सेल्फ टायमर, मॅन्युअल फोकस, आणि अ‍ॅपर्चर चारही फ्रेममध्ये तेच. एकाच फ्रेममध्ये खिडकी वाचवून सावली ६ स्टॉप उचलायला गेलात, तर काजळीच्या जागी दाणेदार चिखल येतो आणि काही कॅमेऱ्यांत आडवे पट्टे उमटतात.

या पद्धतीचं दुखणं जोडणीत आहे. सॉफ्टवेअरवर सगळं सोपवलं की खिडकीभोवती प्रभावळ उठते आणि काजळीची भिंत राखेसारखी होते. त्यातल्या दोन फ्रेम घेऊन खिडकीचा भाग मास्कनं (तेवढाच भाग निवडून) हातानं भरावा, आणि अंधार अंधारच ठेवावा. फ्रेम घेताना कबुतर उडालं किंवा छतातून लोंबणारी वेल हलली तर ती दोनदा दिसते. बॉयलरभोवतीच्या लोखंडी जाळीच्या प्लॅटफॉर्मवर तिपाई लावली असेल तर एक्स्पोजर संपेपर्यंत पाऊल उचलू नये, सगळी जाळी थरथरते.

रंग कुठं ठरवायचा

कृष्णधवल फोटोतही रंग असतोच, त्याचा करडा किती गडद करायचा एवढाच प्रश्न असतो. तांबूस गंज, हिरवं शेवाळ आणि पोपडे धरलेला निळा ऑइलपेंट यांची उजळता डोळ्याला वेगळी वाटते, पण रंग काढून टाकले की ती एकमेकांत मिसळतात. फिल्मवर हा निर्णय जागेवरच घ्यावा लागतो. पिवळा फिल्टर १ स्टॉप खातो आणि आभाळ जरा दाबतो. नारिंगी गंज उजळवतो. लाल फिल्टर ३ स्टॉप घेतो आणि निळा रंग जवळपास काळा करतो. पावसाळ्यानंतर वेलींनी वेढलेल्या भिंतीला हिरवा फिल्टर चांगला, नाहीतर पानं आणि विटा एकच होतात.

डिजिटलमध्ये हे घरी बसून करता येतं, आणि या एका मुद्द्यावर डिजिटल निर्विवाद पुढं आहे. फोटो रॉमध्ये (सेन्सरची प्रक्रिया न केलेली फाइल) घ्या आणि कॅमेऱ्याची पडदा-प्रतिमा मोनोक्रोमवर ठेवा. रचना करड्यात दिसते आणि फाइलमध्ये रंग शाबूत राहतात. सॅच्युरेशन शून्य करून कृष्णधवल करू नका, रंगवार स्लायडर वापरा. नारिंगी वर, निळा खाली. मात्र निळा फार खाली ओढला की आभाळात दाणे उठतात आणि छपराच्या कडेला पांढरी रेघ येते.

घरचं काम

मेमध्ये सांगलीत नळाचं पाणी ३० अंशांवर असतं आणि फिल्मचे वेळ २० अंशांचे छापलेले असतात. २४ अंशांपर्यंत चालतं: १३ मिनिटांची साधारण ९ होतात. त्यापुढे वेळ इतका आखडतो की डेव्हलपिंग डागाळतं. टबात बर्फ टाकून बाटल्या त्यात ठेवाव्यात, नुसतं माठाचं पाणी पुरत नाही. डेव्हलपर थंड आणि हायपो (चित्र पक्कं करणारं द्रावण) कोमट असं झालं तर जिलेटिनला सुरकुत्या पडतात, म्हणून सगळी द्रावणं आणि धुण्याचं पाणीसुद्धा एकमेकांपासून १-२ अंशांच्या आतच हवं. बोअरच्या पाण्याचे क्षार वाळताना फिल्मवर पांढरे ठिपके सोडतात. शेवटचं बुचकळणं डिस्टिल्ड पाण्यात, वेटिंग एजंटचे (पाणी थेंब न धरता निथळावं म्हणूनचं द्रव) दोन थेंब घालून.

तयार डेव्हलपर मिळत नसेल तर डी-७६ घरी बनतं: मेटॉल २ ग्रॅम, निर्जल सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम, बोरॅक्स २ ग्रॅम, आणि पाणी मिळून एक लिटर. सुमारे ५० अंशांच्या ७५० मिलिलिटर पाण्यात सुरुवात करा. चिमूटभर सल्फाइट टाकून आधी मेटॉल विरघळवा. सगळं सल्फाइट आधी ओतलंत तर मेटॉल विरघळता विरघळत नाही. काटा ०.१ ग्रॅमचा असावा आणि हातात मोजे.

स्कॅनिंगची एक गोष्ट दुकानात सहसा कुणी सांगत नाही. स्कॅनरची इन्फ्रारेड धूळ-सफाई चांदीच्या कृष्णधवल फिल्मवर चालत नाही, कारण चांदी इन्फ्रारेड अडवते आणि स्कॅनर अख्खं चित्रच धूळ समजतो. प्रत्येक ठिपका हातानं काढावा लागतो. सूतगिरणीत रोल बदलला असेल तर ठिपके पुष्कळ असतात.

डिजिटलला घरी रसायन नाही, पण धूळ त्यालाही सोडत नाही. गिरणीत लेन्स बदलली की कापसाचा तंतू सेन्सरवर बसतो आणि एफ ११ ला प्रत्येक आभाळात तोच किडा दिसतो. एकच झूम लावून जा, किंवा लेन्स बाहेर गाडीत बदला.

जागेनुसार निवड

कॅमेरा ठरवण्याआधी एकच प्रश्न विचारा: या जागेत परत येता येईल का?

भंगाराचं टेंडर निघालेला कारखाना असेल तर बिनदिक्कत डिजिटल. गॅस कटरवाले आत शिरले की आज दिसलेली गिरण पुढच्या आठवड्यात नसते. वॉचमनही अर्ध्या तासावर थांबू देत नाही. तेवढ्यात डिजिटलवर १५ ते २० रचना नीट होतात, तिपाईवर मीटर लावत फिल्मवर पाच-सहा. शिवाय चूक जागेवरच दिसते.

उलट शेतातलं गुऱ्हाळ घ्या. हंगाम सरला की चुलवाण गार, काहील पालथी आणि भिंती काजळलेल्या. मालक ओळखीचा असतो आणि आठ दिवसांनी पुन्हा जाता येतं. फिल्म शिकायला याहून चांगली जागा आपल्या भागात नाही. एकच चौकट, एकच रोल, वेगवेगळे वेळ. वहीत प्रत्येक फ्रेमचा आकडा लिहायचा आणि निगेटिव्ह शेजारी ठेवून ताडून बघायचं.

विणकामाच्या शेडचं छप्पर करवतीच्या दात्यासारखं असतं आणि काचा उत्तरेला. थेट ऊन टाळून दिवसभर सारखा मऊ उजेड मिळावा, म्हणून ती तशी बांधत. तिथं उजेडाचं अंतर ५-६ स्टॉपच उरतं आणि ब्रॅकेटिंगची गरज पडत नाही. फक्त सांगली १७ अंश अक्षांशाच्या जवळ आहे हे लक्षात ठेवा. मेच्या पहिल्या आठवड्यापासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो आणि त्याच काचांतून ऊन आत उतरतं. हिवाळ्यात जा. अशा शेडमध्ये १२० ची रुंद फिल्म, ६ बाय ६ सेंटिमीटरचे १२ फ्रेम, जे करडे टोन देते ते डिजिटलवर कष्टानं आणावे लागतात.

उंच धुराडं असेल तर कॅमेरा वर वाकवला की ते मागं पडल्यासारखं दिसतं. डिजिटलमध्ये ते सरळ करता येतं, पण कडा कापल्या जातात, म्हणून दोन्ही बाजूंना जागा सोडून घ्या. त्याहून चांगलं म्हणजे समोरच्या इमारतीचा जिना चढून कॅमेरा न वाकवता सरळ धरणं. जर्मनीचे छायाचित्रकार दांपत्य बर्न्ड आणि हिला बेखर पाण्याच्या टाक्या आणि भट्ट्या टिपताना मोठ्या आकाराची फिल्म वापरत आणि ढगाळ दिवस निवडत, म्हणून त्यांच्या आकारांवर सावलीचा ओरखडा नसतो. आपल्याकडे तसं आभाळ जूनमध्ये पहिल्या पावसाआधी आणि सप्टेंबरात मिळतं.

मोबाइल जागा हेरायला उत्तम. अंतिम फोटोला नाही. अंधारात तो पोत पुसून टाकतो आणि इथं पोत हाच विषय आहे.

आत जाण्याआधी

बंद म्हणजे बेवारस नव्हे. कारखाना बँकेच्या ताब्यात असतो किंवा अवसायकाकडे (बंद कंपनीचा कारभार गुंडाळणारा अधिकारी). परवानगी त्यांच्याकडून लेखी घ्या, वॉचमनच्या तोंडी होकारावर जाऊ नका. भारतीय न्याय संहितेचं कलम ३२९ अनधिकृत प्रवेशाचं आहे. किर्लोस्करवाडीसारखी १९१० पासूनची वसाहत आजही चालती आहे, तिथं तर कंपनीलाच विचारावं लागतं.

सिमेंटच्या पत्र्यावर पाय देऊ नये, तो न कडकडता फुटतो, आणि जुन्या पत्र्यात अ‍ॅस्बेस्टॉस असतं. कबुतरांच्या विष्ठेची धूळ फुप्फुसाला घातक आहे, एन-९५ मास्क लावा. धुराड्याच्या आणि टाकीच्या कडेला आग्या मोहोळ आहे का ते आधी लांबूनच बघा. हरिपूरच्या हळदीच्या पेवांत फोटोसाठी उतरू नका: जमिनीखालच्या त्या खड्ड्यांत हवा कोंडलेली असते आणि उतरलेला माणूस गुदमरतो. तोंडावरून, वरच्या उजेडात काय मिळेल तेवढंच घ्या. एकटं कुठंच जाऊ नये. फिल्मवाल्यानं तर नाहीच, तो अडीच मिनिटं घड्याळाकडे बघत उभा असतो.

ठेवणं

पावसाळ्यात दोन्हीकडच्या लेन्सला बुरशी लागते. हवाबंद डब्यात सिलिका जेल ठेवून आर्द्रता ४० ते ५० टक्के राखा आणि जेल रंग बदललं की भाजून घ्या. डिजिटल फाइल दोन डिस्कवर, त्यातली एक दुसऱ्या घरी. निगेटिव्हची मात्र मूळ प्रत एकच असते. २००५, २०१९ आणि २०२१ चा पूर पाहिलेल्या सांगलीत ती तळमजल्यावर ठेवू नये. तरीही भिजलीच तर पाकिटात वाळू देऊ नका, एकमेकींना चिकटली की सुटत नाहीत. स्वच्छ गार पाण्याच्या बादलीत बुडवूनच ठेवा, दोन दिवसांच्या आत एकेक पट्टी अलगद सोडवा, डिस्टिल्ड पाण्यातून काढा आणि सावलीत चिमट्याला टांगा.