बेसवर तेच ते वाजतंय? तार उतरवा की कान लावा

हात तेच ते वाजवू लागले की बेस गिटार वाजवणाऱ्यापुढे दोन वाटा असतात: वाद्यात बदल करायचा, किंवा वाद्य तेच ठेवून दुसऱ्यांच्या सुरांच्या ओळी नुसत्या ऐकून त्यावर उतरवायच्या.

पहिली वाट झटपट. सर्वांत जाड तार ई सुरावरून खालच्या डी सुरावर उतरवली की तिच्यावरचे सगळे सूर दोन फ्रेट (दांड्यावरच्या आडव्या पट्ट्या) पुढे सरकतात, बोटांचं पाठांतर मोडतं आणि काहीतरी नवं सुचतं. नेहमीच्या चारऐवजी पाच तारांचा बेस घेतला तर सर्वांत खालच्या सुरात 41 हर्ट्‌झऐवजी 31 हर्ट्‌झपर्यंत खाली जाता येतं. मात्र नवलाई ओसरली की जुने साचे परत येतात. माझे तरी महिन्याभरात आले. आणि बेसवादक जेम्स जेमरसन चारच तारांवर, उजव्या हाताच्या एकाच बोटाने काय काय वाजवून गेला!

दुसरी वाट संथ, कधी कधी कंटाळवाणी. गायकाची किंवा सॅक्सोफोनची ओळ आधी गुणगुणायची, मग बेसवर शोधायची. गाणाऱ्याला श्वास घ्यावा लागतो, म्हणून त्याच्या ओळीत मोकळ्या जागा असतात. बोटांना श्वास लागत नाही, म्हणून आपण थांबायचंच विसरतो. मला हे उमगलं तेव्हा माझं वाजवणं खरंच बदललं. बेसवादक जॅको पास्टोरियसने 1976 च्या अल्बममध्ये बीबॉपची (जॅझच्या एका वेगवान शैलीची) अवघड धून नुसत्या काँगा या ढोलाच्या साथीने बेसवर वाजवली, ती याच दृष्टीने ऐका.

माझं मत दुसऱ्या वाटेला. रोज चारच मात्रा बेसवर उतरवा, पण आधी गाऊन. तार नंतरही उतरवता येईल.